कालवडीचा मुराळी

माझ्या हातून आजवर एकाच जनावराला बक्षीस मिळालं, आणि त्याच जनावरापायी आमच्या घराची मान खाली गेली. दोष जनावराचा नव्हता. त्याला पेंड मी चारत होतो.

मी सात वर्षं फौजेत होतो. फौज म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात तागडी होती. उत्तरेकडं लष्कराचा गाईंचा एक फार्म होता, त्याच्या कोठारातून पेंड, सरकी आणि मक्याचा भरडा तोलून द्यायचा, एवढंच माझं काम. गाई मी पाहिल्या त्या कोठाराच्या खिडकीतून, लांबून, आणि बहुतेक वेळा मागच्या बाजूनं. पण पंचाहत्तर साली नोकरी संपवून माणदेशातल्या आमच्या गावी परत आलो, तो गाईंचं सगळं शास्त्र कोळून प्यालेला माणूस म्हणून. गावात कुणाची गाय नुसती शिंकली तरी मी उपाय सांगायला हजर! (गाय माझ्या उपायानं बरी व्हायची नाही, पण मी निघून गेल्यावर पुष्कळदा बरी व्हायची.)

आमचे वडील, म्हणजे आबा, जन्मभर खिल्लार गुरं राखत आलेले. ते गुरांबद्दल कधी बोलायचेच नाहीत. मी ओसरीवर बसून चौघांना शास्त्र सांगायला लागलो की ते हळूच उठून गोठ्यात जायचे. मला वाटायचं, लागलीच करून बघायला जातात.

आता कालवडीचं सांगतो. माझी धाकटी बहीण शालन. तिचं लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळात, वाळवा तालुक्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावात. तिकडं ऊस डोक्याच्या वर, आणि आमच्याकडं गुरं छावणीत. लेकीला आंदण म्हणून गाय किंवा न व्यालेली कालवड द्यायची आमच्या घरची रीत. त्या साली द्यायला काही नव्हतं. मांडवात आईनं विहीणबाईंच्या हाताला हात लावून शब्द दिला, "पाऊस पडू द्या, माझ्या लेकीची गाय मी घरपोच धाडीन." पाऊस पडला, पण तोवर आई राहिली नाही. तिच्या जाण्याची तार मला फार्मवर मिळाली तेव्हा गावाकडं दहावाही उरकला होता.

शालनच्या सासूबाई शब्द विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. आमच्याकडचं कुणीही त्या गावाला गेलं की त्या चहा पुढं करून चौकशी करायच्या, "तुमची गाय चालत निघालीया म्हनं. कुटवर आली?" माणूस चहा गिळून परत यायचा आणि आमच्या ओसरीवर येऊन तेच वाक्य सांगायचा. ऐकून आबा गोठ्याकडं वळायचे. मला मात्र ते वाक्य फार झोंबलं. आईच्या शेवटच्या आजारात मी जवळ नव्हतो, निदान तिचा शब्द तरी आपण असा पुरा करू की कृष्णाकाठानं तोंडात बोट घालावं, असं मी ठरवलं. इथवर सगळं चांगलं होतं. मी तिथंच थांबायला हवं होतं.

गोठ्यात तेव्हा धाडण्याजोग्या दोन कालवडी होत्या. एक काजळी, आईच्या म्हाताऱ्या गाईची. अंगानं लहान, रंगानं मातकट, पाठ जराशी खोलगट. दुसरी चांदी. पांढरीशुभ्र, शिंगं कोरल्यासारखी, डोळे नटीचे.

"काजळी धाड," आबा म्हणाले. "हिची आय सातदा व्याली, एकदा बी उलटली न्हाई. कालवड बघायची असली तर आय बघावी."

(गाय उलटली म्हणजे वळू दाखवूनही गाभ राहिला नाही आणि ती पुन्हा माजावर आली. हा शब्द लक्षात ठेवा. मला तो पुढं पोस्टकार्डावर फार वाचावा लागला.)

"आबा, ही मातकट कालवड बघून मावशी हसतील," मी म्हणालो. (शालनच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचो.)

"हसू देत. दूध पितील तवा गप बसतील."

"चांदीत काय वाईट हाय?"

"तिची आय बी अशीच देखनी हुती. तीन वर्सांत एकदा व्यायची."

"ते खुराक नसल्यानं. आमी फारमावर बघितलंय न्हवं. खुराक दिला की सगळं हुतंय."

"खुराकानं अंग भरतं, दत्तू. गुन भरत न्हाई," आबा म्हणाले आणि वैरण टाकायला गेले. त्यांच्या पाठीमागं मी चांदीच्या कपाळाला कुंकू लावून निवड जाहीर केली.

आबांच्या हातात कालवडीचा खुराक ठरलेला असे. कडबा, ओंजळभर पेंड, आणि दिवसभर डोंगर. मी पहिल्यांदा डोंगर बंद केला. डोंगरावर जनावराचे पाय झिजतात, असं माझं मत होतं. मग फार्मवर जे माप मी सात वर्षं तोललं तेच चांदीपुढं मांडलं. सकाळी शेंगदाण्याची पेंड, दुपारी भिजवलेली सरकी, संध्याकाळी भरडा आणि त्यात गुळाचा खडा. ते माप होतं दोन वेळा बादली बादली दूध देणाऱ्या थोराड गाईंचं. इथं ते खात होती एक कुवारी खिल्लार कालवड, जिला आयुष्यात रवंथ करण्याखेरीज काम नव्हतं. एवढा फरक ओळखायला गाय जवळून बघावी लागते.

दिवाळीपर्यंत चांदी अशी सुटली की गोठ्याच्या दारातून ती आधी तिरपी व्हायची आणि मग बाहेर यायची. पुढं तिनं उठणंच कमी केलं. पाटी घेऊन मी दिसलो की बसल्या जागेवरून मान वळवायची, आणि मी पाटी तिच्या तोंडाशी नेऊन धरायचो.

"दत्तूभाऊ, कालवड हाय का सरकीचं पोतं?" शेजारच्या रामूनं विचारलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आबांना वेगळीच काळजी होती. "दत्तू, काजळी दोनदा माजावर आली. हिनं अजून नाव काडलं न्हाई."

"लाजाळू हाय ती, आबा."

आबांनी चांदीपुढची पाटी पायानं बाजूला सारली. मग म्हणाले, "तुझी आय आसती तर तुला एक दीस उपाशी ठिवला आसता, अन् हिला दोन."

माघात तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं. मी चांदीला न्हाऊ घालून, शिंगांना तेल लावून उभी केली. तिच्या अंगावर माशी बसली तर घसरावी अशी तकाकी होती. पाहुणे मंडळींनी हात फिरवला, माना हलवल्या आणि कालवडींतला पहिला नंबर चांदीला दिला. मला फेटा बांधला. गर्दीत आबांच्या ओळखीचा एक म्हातारा धनगर होता. त्यानं चांदीच्या शेपटीच्या मुळाशी बोटं दाबून बघितली, चरबीचा गोळा चाचपला, आणि आबांच्या कानाशी काहीतरी बोलला.

"काय म्हनला वं त्यो?" मी फेटा सावरत विचारलं.

"फेटा चांगला हाय म्हनला," आबा म्हणाले.

आठ दिवसांनी ट्रक ठरवून, पुढं हलगी लावून, मी चांदी शालनच्या दारात उतरवली. सगळा गाव जमला. सासूबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या माणसाला चहाबरोबर टोमणा मिळाला नाही. शालननं चांदीच्या गळ्यात हात टाकला आणि गळ्याखालच्या लोंबत्या पोळीला तोंड लावून उभी राहिली. "आयीनं धाडली," एवढंच म्हणाली. तिच्या सासरी तिला असं ताठ उभं राहिलेलं मी त्या दिवशी बघितलं. फेट्यापेक्षा मला ते मोठं वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

त्यानंतर दाजींची पोस्टकार्डं सुरू झाली. शालनचा नवरा शांत माणूस. घरात त्याची आई बोलायची आणि हा वर्तमानपत्र वाचायचा. पत्रही तसंच लिहायचा. "चांदी अद्याप माजावर नाही. बाकी क्षेम." मी उलट टपाली कळवलं, खुराक वाढवा. दोन महिन्यांनी कार्ड आलं. "चांदीस वळू दाखविला. बाकी क्षेम." मग, "चांदी उलटली. बाकी क्षेम." मी कळवलं, खुराक वाढवा, गूळ दुप्पट करा. "चांदी पुन्हा उलटली. बाकी क्षेम." तिसऱ्या वेळी उलटल्यावर त्यांनी फक्त "बाकी क्षेम" एवढंच लिहिलं होतं.

शेवटी त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून चांदी तपासली आणि हात धुता धुता विचारलं, "हिला एवढं चारायला कुणी सांगितलं?"

"आमचे मेव्हणे. फौजेत होते," दाजी म्हणाले.

"आपल्याच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

(हे दाजींनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.)

पोटात चरबी दाटली होती. डॉक्टरांनी पेंड, सरकी, गूळ सगळं बंद केलं आणि सांगितलं, रोज चार मैल चालवा, उतरली तर नशीब. आता उसाच्या गावात जनावर फिरवायला माळ नाही आणि माणसाला वेळ नाही. सासूबाई म्हणाल्या, "जिच्या म्हेरचं हाय ती फिरवंल." तेव्हापासून रोज सकाळी शालन चांदीचा कासरा धरून मळ्याच्या रस्त्यानं निघायची. पुढं शालन, मागं फुगलेली चांदी. पाणवठ्यावरच्या बायका विचारायच्या, "काय शालन, काय फरक?" आता इथं मला हे सांगायला हवं की शालनच्या लग्नाला पाच वर्षं होत आली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. बायका नेमकं कुणाबद्दल विचारतात हे शालनला सुरुवातीला कळायचं नाही. मग कळायला लागलं.

हे सगळं मला पत्रातून कळलं नाही, कारण पत्रात बाकी क्षेम असायचं. पुढच्या उन्हाळ्यात आबांनीच मला ढकलून पाठवलं. "जाऊन बघून तरी ये, काय करून ठिवलंस ते."

मी गेलो तेव्हा शालन गोठ्यात शेण भरत होती. वाळली होती. चांदी मात्र तशीच. मला बघून शालन हसली आणि हसत हसतच सांगायला लागली.

"दादा, हितं आता सैपाकघरात अन् गोठ्यात येकच शिवी चालती. आत्याबाईंनी भाकड म्हनून हाक मारली की आमी दोघी बी मान वर करतो. मग कळतं, आज कुनाची पाळी हाय ते."

"मावशींच्या तोंडाकडं लक्ष दिऊ नकोस गं."

"न्हाई देत. परवा चांदीनं लाथ मारून पाटी सांडली. आत्याबाई म्हनल्या, खातीया येवढं अन् देत काय न्हाई, म्हेरच्याच वळनावर गेलीया. मी म्हनलं, चांदे, आपल्या दोघींत तुला निदान पयला नंबर तरी मिळालाय." आणि ती पुन्हा हसली.

मीही हसलो. विनोद चांगलाच होता. तिनं डोळ्याला पदर लावला तो मला हसून पाणी आल्यामुळं लावला असं वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी मी सासूबाईंपुढं जाऊन बसलो आणि जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली. "मावशी, चूक माजी हाय. चांदीला मी घिऊन जातो. आमच्या डोंगरावर चार महिनं हिंडली की उतरंल. गाभन ऱ्हायली की पुन्यांदा आनून बांदतो."

सासूबाईंनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "न्हे बाबा," म्हणाल्या. "कुनाला बी न्हे. आमी काय आडवत न्हाई."

दाजी वर्तमानपत्रातून म्हणाले, "बघा बुवा."

सोमवारी सकाळी मी चांदीचा कासरा सोडला. ट्रक करायचा नाही, चालवतच न्यायची असं ठरवलं होतं, म्हणजे वाटेतच चरबी झडायला लागेल. (शास्त्र मी अजून सोडलं नव्हतं.) शालन गावाच्या वेशीपर्यंत बरोबर आली. धुतलेलं लुगडं, नीट विंचरलेले केस, हातात कापडी पिशवी, भरलेली.

"बाजाराला निघालीस काय?" मी विचारलं.

ती जरा थांबली. "व्हय," म्हणाली.

वेशीवर आम्ही उभे राहिलो. तिनं चांदीच्या पोळीवरून हात फिरवला. मग विचारलं, "दादा, घरी आता आयीच्या मागं सैपाक कोन करतं रं?"

"मीच टाकतो दोन भाकरी. आबा खात्यात मुकाट्यानं."

"जमतंय तुमास्नी?"

"न जमाया काय झालं? तू काळजी करू नगंस. तू आपलं हितलं बघ."

"व्हय," शालन म्हणाली. मी कासरा ओढला आणि निघालो. वळणावर मागं बघितलं तेव्हा ती तिथंच उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून. मी हात हलवला. तिनंही हलवला.

ताकारी, विटा, मायणी असं करत घरी पोचायला आम्हाला पाच दिवस लागले. विट्याच्या भर बाजारात चांदी रस्त्यावर जी बसली ती तासभर उठली नाही. एक एस्टी, दोन ट्रक आणि एक वऱ्हाड तिच्यापायी अडलं. नवरदेव घोड्यावरून उतरून शेपटी पिरगाळायला आला तेव्हा कुठं बाईसाहेब हलल्या. मायणीच्या पुढं मात्र माळ लागला, आपल्या मुलखाचा वारा लागला, आणि ती आपणहून चालायला लागली. तिचं ते चालणं बघून मला वाटलं, चला, एवढं तरी आपण वेळेवर ओळखलं. मुकं जनावर तिथं झुरत होतं, त्याला आपण घरी आणलं.

आबा दारातच बसले होते. त्यांनी चांदीकडं बघितलं, तिच्या पाठीमागं रस्त्याकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"शाली कुटं हाय?"

"कुटं म्हंजे? तिच्या घरी. वेशीपातूर आल्ती सोडाया. बाजाराला निघाली हुती, पिशवी घिऊन."

"त्या गावचा बाजार कवा आसतो?"

"बेस्तरवारी," मी म्हणालो.

"अन् तू कवा निघालास?"

मी सोमवार म्हणालो नाही. म्हणवलंच नाही. आबांना ते कळलं.

आमच्याकडं सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस जातं, बहुतेक भाऊ, त्याला मुराळी म्हणतात. त्यानं जाऊन सासूला विचारायचं, मग ती निघते. आपण होऊन सासर सोडून आली तर ती पळून आली असं होतं. मुराळ्यानं तोंड उघडल्याशिवाय तिला वाट नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मुराळी म्हनून गेलास," आबा म्हणाले, "अन् कालवड घिऊन आलास." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं ते स्वतः गेले. तिसऱ्या दिवशी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाडीतून आबा एकटेच उतरले. ओसरीवर बसल्यावर म्हणाले, "म्हनली, आबा, दादा आला हुता तवा जीव गोळा करून निगाले हुते. सारकं सारकं न्हाई जमत. पिशवी घेऊन वेशीतनं माघारी गेले ते सगळ्या गावानं बघितलं. आता हाय हितंच बरी हाय." मग त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसले.

शालन पुढंही माहेरी आली, पण सणाला, लग्नकार्याला, दोन दिवसांची पाहुणी म्हणून. तिला मूल झालं नाही. दाजी तिच्याशी वाईट वागले नाहीत. ते पेपर वाचत राहिले. त्या सोमवारबद्दल ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मला माफी मागता आली असती. मी आपण होऊन मागायला हवी होती, पण आपण होऊन बोलायची अक्कल मला नव्हतीच, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

चांदी पुढच्या वर्षी गाभण राहिली. उपाय साधा होता. आबांनी मला गोठ्यात यायला बंदी केली.

आणि ते वाटेतले पाच दिवस! गावोगाव लोक विचारायचे, एवढी देखणी कालवड परत का नेताय? मी झाडाखाली बसून, पाणी पिऊन, प्रत्येकाला समजावून सांगायचो, बाबांनो, मुक्या जनावराला तोंड नसतं, त्याच्या मनातलं आपणच ओळखावं लागतं, आणि त्यासाठी नजर असावी लागते. ऐकून म्हातारी माणसं माना डोलवायची. एकानं तर मला गूळ-पाणी दिलं. मला फार बरं वाटलं.